शेवंतीचा अंधार आणि सासूबाईंचं झाड

माझ्या हाताला गुण आहे, असं नाशकातलं अर्धं इंदिरानगर म्हणतं. गुणबिण काही नाही. मी मारलेली झाडं गिऱ्हाइकाला कधी दिसली नाहीत, एवढंच. नर्सरीच्या मागच्या अंगाला, पत्र्याच्या शेडपलीकडे एक खड्डा होता. मेलेलं झाड तिथे जायचं आणि रिकामी कुंडी धुऊन पुढे यायची. त्या खड्ड्याच्या जिवावर वाढलेला कडुनिंब आज शेजारच्या तीन मजली इमारतीच्या गच्चीत डोकावतो.

पाथर्डी फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत सासऱ्यांची थोडी जमीन होती, तिथे मी रोपं विकायला बसले. सुरुवातीला लोक मला ‘वहिनी’ म्हणायचे, मग ‘ताई’, मग ‘मावशी’. एके दिवशी एका पन्नाशीच्या टक्कल पडलेल्या माणसानं ‘आजी, तुळस आहे का’ असं विचारलं, तेव्हा मी ओळखलं की आपली नोकरी संपत आली. गेल्या वर्षी गुडघ्यांनी राजीनामा दिला, त्यांच्या मागोमाग मी.

या धंद्यात झाडं कळायला दोन वर्षं लागतात. माणसं शेवटपर्यंत कळत नाहीत. एकदा इस्त्रीचा शर्ट घातलेले एक गृहस्थ मनी प्लांटसमोर बराच वेळ घुटमळत होते. मी जवळ गेले तर हळूच म्हणाले, “ताई, तुम्ही जरा तिकडे बघता का?”

“का हो?”

“मनी प्लांट विकतचा लाभत नाही म्हणतात. चोरून आणावा लागतो. पण मला चोरीची सवय नाही.”

आपलं काय जातंय, म्हणून मी पाठ फिरवली. बराच वेळ झाला तरी काही हालचाल नाही. शेवटी न वळता विचारलं, “झाली का चोरी?”

“कात्री आहे का तुमच्याकडे?”

दिली. वर फांदी कुठल्या पेराखाली कापायची, तेही सांगितलं. पाण्याच्या बाटलीत ठेवा म्हटलं, आठवड्यात मुळ्या फुटतील. त्यांना पैसा लाभला की नाही ठाऊक नाही, पण पुढच्या दिवाळीत ते आले आणि शेवंती मात्र रोख घेऊन गेले.

घरातल्या झाडांबद्दल लोकांच्या डोक्यात काय काय असतं! एक झाड ऑक्सिजन देतं, दुसरं नवरा-बायकोतलं भांडण मिटवतं, तिसरं ईशान्येला ठेवलं की मुलाला परदेशी नोकरी लागते. मी सगळ्याला मान डोलावायचे. खरं इतकंच, की ‘घरात ठेवायचं झाड’ असं काही नसतंच. ती जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारी झाडं, कमी उजेड सोसायला शिकलेली. सोसतात म्हणजे त्यांना आवडतं असं नव्हे, हे सुनांना वेगळं सांगायला नको. आणि ती तहानेनं फार कमी वेळा मरतात. बहुतेक बुडून मरतात. मातीत बोट दोन पेरं घालावं, ओलं लागलं तर पाण्याचा तांब्या तसाच घेऊन परत जावं. हा सल्ला मी हजारोंना दिला. आणि तो मीच पाळला नाही, ती ही गोष्ट.

त्या वर्षी जुलैत दीक्षितबाई रिक्षातून एक रबराचं झाड घेऊन आल्या. बाई बँकेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या, इंदिरानगरात राहणाऱ्या, हळू बोलणाऱ्या. लोक गावाला जाताना झाडं माझ्याकडे ठेवून जायचे. माझं ते झाडांचं वसतिगृहच होतं. त्यांच्या मुलीचं बाळंतपण बंगळुरूला होतं, त्या तिकडे पाच महिने राहणार होत्या आणि सासूबाई तेवढे दिवस धाकट्या मुलाकडे पुण्याला.

झाड माझ्या खांद्याएवढं होतं, पितळी हंड्यात लावलेलं. पण कळा गेलेली, पानं पिवळट, आणि मातीला कसलासा औषधी वास. मी म्हटलं, फरशी पुसताना उडालं असेल काहीतरी.

“सासूबाईंचं आहे,” बाई म्हणाल्या. “माझ्या लग्नाआधीपासूनचं.”

“काळजी करू नका. पोटच्या पोरासारखं बघते.”

“नाही, नाही,” त्या घाईनं म्हणाल्या. “फार जपू नका हो त्याला.”

मला वाटलं, भिडस्त बाई, मला त्रास नको म्हणून म्हणतेय.

आता शेवंतीकडे येते, कारण त्या वर्षी माझा सगळा जीव तिच्यातच अडकला होता. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरचं ऊन तापून हळूहळू निवायला लागतं, तेव्हा बागेला रंग येतो तो झेंडू, अॅस्टर आणि शेवंतीमुळे. झेंडू साधाभोळा, कुठेही येतो. शेवंती मात्र मानिनी. उन्हाळा सरताना जुन्या झाडाच्या बुडाशी फुटलेल्या काश्या, म्हणजे मुळासकट निघणारे कोंब, वेगळे करून लावायचे. वीतभर झाले की शेंडा खुडायचा. पुन्हा वाढले की पुन्हा खुडायचा. गिऱ्हाइकांचा इथे जीव वर-खाली होतो. ‘अहो, चांगलं वाढतंय ते का तोडता?’ शेंडा खुडला नाही तर काठीसारखं उंच झाड आणि टोकाला एक फूल. खुडला तर घेरदार झाड आणि फुलांचं ताट.

आणि दुसरं म्हणजे, शेवंतीला अंधार लागतो. ती दिवस मोजत नाही, रात्र मोजते. सलग लांब रात्री मिळाल्या की तिला कळतं, पावसाळा सरला, थंडी येतेय, आता कळी धरावी. मध्येच कुणी दिवा लावला की तिची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. बाल्कनीत रात्रभर ट्यूब जाळून ‘माझ्या शेवंतीला फूल का नाही’ विचारणारे निम्म्याहून जास्त.

आमच्या शेजारची रिकामी जमीन बापूंची. बापू म्हणजे तिथे पूर्वी मेथी-कोथिंबीर पिकवणाऱ्या घरातला थोरला मुलगा, पांढरी टोपी आणि पांढऱ्या बुटांचा. त्या पावसाळ्यात बापूंनी तिथे लग्नकार्यासाठी लॉन्स उभं केलं. हिरवळ, स्टेज, कमान, आणि कमानीवर दोन घोडे. एके सकाळी कुंपणापाशी येऊन म्हणाले, “ताई, तुळशीच्या लग्नानंतर माझ्या पुतनीचं लगीन हाय. हितलं पयलंच. मला तोडलेली फुलं नको. सगळीकडं जित्या शेवंतीच्या कुंड्या पायजेत, पिवळ्याधमक. जेवून जाताना पाहुन्यांनी एकेक घेऊन जायची.”

“किती?”

“सहाशे.”

एवढं मोठं काम मला कधी मिळालं नव्हतं. मी आणि माझी कामाला असलेली बेबीबाई, दोघींनी पावसात भिजत सहाशे कुंड्या भरल्या. बेबीबाई सटाण्याकडची, माझ्याहून दहा वर्षांनी लहान आणि शंभर वर्षांनी शहाणी. दोनदा शेंडे खुडले. झाडं अशी घेरदार झाली की मी येणाऱ्या-जाणाऱ्याला उगाच मागे नेऊन दाखवायचे.

सप्टेंबर संपत आला तरी कळी नाही. खत जास्त झालं असेल म्हणून खत थांबवलं. पाणी तोडून बघितलं. एका सकाळी बेबीबाई मला हाताला धरून शेडच्या मागे घेऊन गेली. जागा पुरली नाही म्हणून तीस-चाळीस कुंड्या तिकडे सावलीला सरकवल्या होत्या.

“ताई, देखा,” ती म्हणाली. “हाई बाजूले कळी शे. ती बाजूले नही.”

शेडमागच्या प्रत्येक फांदीवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या कळ्या होत्या. पुढच्या साडेपाचशेंवर एकही नाही. मी शेडकडे पाहिलं, मग कुंपणापलीकडे. बापूंच्या कमानीशेजारी नवा उंच खांब उभा होता आणि त्यावरचे चार पांढरे दिवे थेट माझ्या शेवंतीकडे तोंड करून होते. ते संध्याकाळी लागून सकाळीच विझायचे. माझी साडेपाचशे झाडं महिनाभर दिवस उजाडायची वाट बघत बसली होती, कारण रात्र झालीच नव्हती!

तशीच बापूंकडे गेले. बापू स्टेजवर खुर्ची टाकून चहा पीत होते.

“दिवे बंद करा रात्रीचे.”

“बंद? ताई, लाखाचं सामान पडलंय हितं. चोरी झाली म्हंजी?”

“शेवंतीला कळी धरत नाही दिव्यामुळं.”

बापू हसले. “मला शेतकऱ्याच्या पोराला शिकवता का? पिकाला उजेड लागतो. अंधार लागनारं पीक म्यां तर नाय बघितलं.”

मी तणतणत परत आले आणि काळं प्लॅस्टिक आणलं. बांबूच्या कमानी ठोकल्या. रोज संध्याकाळी पाचला झाडांवर प्लॅस्टिक ओढायचं, सकाळी आठला काढायचं. लोक विचारायचे, ‘मावशी, अंत्यविधी आहे का कुणाचा?’ पाचव्या दिवशी प्लॅस्टिक काढलं तर आत कोंदट वाफ, आणि खालच्या पानांवर काळे डाग. ऑक्टोबरच्या उकाड्यात झाडं घामेजून कुजायला लागली होती. आता दिवा ठेवला तर फूल नाही, आणि झाकलं तर झाड नाही.

मी पुन्हा लॉन्सवर गेले. या वेळी बोलले नाही. बापूंच्या मनगटाला धरलं आणि ओढत कुंपणातून आत आणलं. पंचवीस माणसं मांडवाचं काम सोडून बघत होती. आधी पुढच्या रांगा दाखवल्या, मग शेडमागच्या. बापू खाली बसले. कळी बोटानं चाचपली, उठून पुढे गेले, तिथल्या फांद्या चाचपल्या, पुन्हा मागे आले. शेतकऱ्याची बोटं ती, पांढऱ्या बुटांनी ती बदलत नाहीत.

“आयला,” बापू म्हणाले. “बापानं चाळीस वर्सं ह्याच मातीत मेथी केली. पिकाला झोप लागती हे मला कुनी सांगितलं नाय.”

“मेथीला नाही लागत. शेवंतीला लागते.”

त्याच दिवशी त्यांनी दिव्यांची तोंडं फिरवून घेतली. ती समोरच्या सोसायटीच्या खिडक्यांकडे वळली आणि तिथली माणसं झोपेनाशी झाली. पण माणसं तक्रार करू शकतात, शेवंती करू शकत नाही, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

या सगळ्या धांदलीत सासूबाईंचं झाड मेलं.

झालं असं, की सकाळी मी शेवंतीवर कळ्या शोधता शोधता त्या रबराला तांब्याभर पाणी घालायचे. बेबीबाईला वाटायचं, ताईंना यंदा कशाचीच शुद्ध नाही, म्हणून तीही संध्याकाळी घालायची. हंडा पितळेचा, बुडाला भोक नाही. पानं गळायला लागली तेव्हा मला वाटलं, जागा बदलली म्हणून रुसलंय. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी बेबीबाईनं खोड धरून हलवलं तर ते सैल दातासारखं हातात आलं. खाली मुळ्यांचा नुसता चिखल.

“मरी गयं,” बेबीबाई म्हणाली.

मी हजार माणसांना ‘बोट घालून बघा’ सांगणारी. माझंच बोट पाच आठवडे त्या हंड्यात गेलं नव्हतं. तरुणपणी असं झालं असतं तर मी रडले असते. वय झालं की माणूस रडत नाही, दुसरं झाड शोधतो.

तेवढं उंच, जून रबराचं झाड नाशकात मिळेना. शेवटी मनमाडला, रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांच्या अंगणात ड्रममध्ये एक असल्याचं कळलं. ते तर हात जोडूनच म्हणाले, “न्या बाई. ड्रम फोडलाय त्यानं, आता भिंत फोडेल.” टेम्पोत घालून आणलं. उंची मापाची केली, फांद्या आठवतील तशा छाटल्या, हंड्यात बसवलं. आणि मग मी ते केलं, जे करणाऱ्या गिऱ्हाइकांवर मी आयुष्यभर ओरडले. पानांना खोबरेल लावून चमकवलं.

लग्न झालं. दिवे फिरवले तरी हरवलेले दिवस थोडेच परत येतात? शेडमागच्या कुंड्या पूर्ण फुलल्या होत्या, पुढच्या अर्ध्याअधिक नुसत्या कळ्यांवर. बापूंचा चेहरा उतरला. मी फुललेल्या सगळ्या स्टेजभोवती लावल्या आणि बाकीच्या जेवणाच्या बाजूला. एक पाहुणी कुंडी उचलताना म्हणाली, “ह्याला तर फूलच नाही.”

मी ताठ मानेनं म्हटलं, “मुद्दाम ठेवलंय. फुललेली कुंडी आठ दिवसांत उतरते. कळीवाली नेलीत तर महिनाभर तुमच्या दारात फुलेल.”

खोटं बोलले ते फक्त ‘मुद्दाम’ इतकंच. पुढचं शंभर टक्के खरं आहे, आणि कुंडी घेताना तुम्हीही ध्यानात ठेवा. बातमी मांडवभर पसरली. कळीच्या कुंड्यांसाठी बायकांची झोंबाझोंबी झाली आणि स्टेजभोवतीच्या फुललेल्या कुंड्यांना कुणी विचारेना. बापू माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “ताई, तुम्ही पुढारी व्हायला पायजे होता.”

डिसेंबरात दीक्षितबाई परत आल्या. मी हंडा पुढे आणून ठेवला होता, पानं पुन्हा पुसून. पण गाडीतून त्या एकट्या उतरल्या नाहीत. त्यांच्या मागून काठी टेकत सासूबाई उतरल्या. वय नव्वदीच्या आतबाहेर, अंगानं काटकुळ्या, नजर मात्र सुईची.

बाईंनी झाड पाहिलं आणि जागीच थबकल्या. मला वाटलं, आनंदानं. सासूबाई झाडाभोवती एक चक्कर मारून आल्या. पानावर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं.

“खोबरेल,” त्या म्हणाल्या. “हे आमचं झाड नाही.”

“आजी, इथल्या मोकळ्या हवेत जरा बाळसं धरलंय त्यानं,” मी म्हटलं.

“आमच्या झाडाला फिनेलचा वास यायचा.”

हे म्हणताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, सुनेकडे बघत होत्या. बाईंचा चेहरा पांढरा पडला. मला तो जुलैतला औषधी वास आठवला, ‘फार जपू नका’ आठवलं, आणि सगळं एकदम लख्ख कळलं. ही हळू बोलणारी बँकेतली बाई त्या झाडाला गुपचूप मारत होती, आणि उरलेलं काम माझ्याकडून होईल म्हणून इथे ठेवून गेली होती. तिच्या अपेक्षेप्रमाणे मी ते केलंही होतं. आणि नंतर शहाणपणा करून तिच्या मानगुटीवर दुसरं, दुप्पट धट्टंकट्टं झाड आणून बसवलं होतं!

आता गप्प बसणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, “आजी, तुमचं झाड माझ्याकडून मेलं. पाणी जास्त झालं. मी लपवलं, हे मनमाडहून आणलं. यात यांचा काही दोष नाही.”

सासूबाई स्टुलावर बसल्या. बराच वेळ काठीच्या टोकानं जमिनीवर रेघा ओढत राहिल्या. मग म्हणाल्या, “मी आणलं तेव्हा दोन पानांचं होतं.”

“माहीत आहे,” दीक्षितबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. “चौतीस वर्षं ऐकतेय. चौतीस वर्षं रोज सकाळी ओल्या फडक्यानं त्याची पानं पुसली मी. मला ताप असला तरी पुसली. बाळंतपणाहून आले त्या दिवशी तुम्ही दारात काय विचारलंत? ‘पानांवर धूळ बसलीय, पुसतेस ना?’ मी कशी आहे, ते नाही विचारलंत.”

“मग नाही पुसत म्हणून सांगायचं.”

“सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?”

म्हातारीनं खरोखर विचार केला. उगाच बोलायचं म्हणून बोलली नाही.

“नाही,” ती म्हणाली.

बेबीबाई हातातली झारी तशीच धरून उभी.

“पण त्या मुक्या झाडाला कशाला फिनेल?” म्हातारी पुढे म्हणाली. “मला घालायचं.”

दीक्षितबाईंच्या तोंडून हुंदका येतोय असं वाटता वाटता हसूच फुटलं, आणि मग त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. सासूबाई हसल्या नाहीत. पण काठी टेकत उठल्या आणि मला म्हणाल्या, “हे मनमाडचं ठेव तुझ्याकडेच. हिला काय हवं ते विचार.”

मी विचारलं. साठीला आलेली बाई, आयुष्यात स्वतःसाठी एकही झाड घेतलेलं नाही. त्या रांगांमधून फिरल्या. अॅस्टरपाशी थांबल्या, पुढे गेल्या, परत आल्या. मी मध्ये बोलले नाही, हा माझ्या कारकिर्दीतला विक्रम. शेवटी लग्नातून परत आलेल्या पिवळ्या शेवंतीच्या रांगेपाशी गेल्या. तिथे कडेला, दिव्यांनी उशीर केलेल्या, बटणासारख्या पांढऱ्या फुलांच्या काही कुंड्या होत्या, अजून कळीतच. त्यांनी वाकून एक उचलली, पदराशी धरली.

“पांढरी काय घेतेस?” गाडीच्या दारातून सासूबाई ओरडल्या. “पिवळी घे. पिवळी शोभते घराला.”

दीक्षितबाईंनी कुंडीकडे पाहिलं. मग सासूबाईंकडे.

“पांढरीच,” त्या म्हणाल्या, आणि कुंडी मांडीवर घेऊन गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.